उबेला आलेल्या मुंग्या

वेळेआधी जन्मलेली माझी नात शिरूरच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तिथं फरशी पुसणाऱ्या मावशी ओल्या बोटावर मुंगी उचलून उजेडात धरायच्या. पिवळट, तिळाहून बारीक, मागं जरा काळसर.

मॅनेजर त्यांच्यावर खेकसला, "तुम्ही नीट पुसत नाही, म्हणून मुंग्या होतात!"

"घाणीला न्हाई सायेब, उबेला आल्यात ह्या," मावशी म्हणाल्या. कासुर्डीकडं कोंबडीची अंडी उबवायच्या हॅचरीत काम करताना त्यांनी अशाच मुंग्या पाहिल्या होत्या. "फवारू नका. फवारलं की एका घराची चार घरं करत्यात. त्यांना जेवू घाला. औषध राणीपर्यंत त्याच न्हेत्यात."

बाटल्यांच्या झाकणांत औषध कालवलेला पाक घालून त्यांनी भिंतीकडेला ठेवला होता. त्या शहाण्यानं झाकणं केरात टाकली आणि फवारा मारला. आठवड्यात मुंग्या तिन्ही मजल्यांवर! वर कामावरून काढलं ते मावशींनाच.

मी तरातरा ऑफिसात गेलो. "त्या बाईंना कशासाठी काढलंत?"

मॅनेजरनं फाईल उघडून अस्वच्छतेची लेखी तक्रार माझ्यापुढं सरकवली. पहिल्या दिवशी पेटीवर मुंगी दिसली, तेव्हा रागाच्या भरात लिहून दिलेली. खाली सही माझीच.