सत्तराव्या वर्षाची सकाळ

शनिवारी शाळा सुटल्यावर एक मुलगी आली होती, आम्हा शिक्षिकांना म्हातारपणाची तजवीक कशी करावी ते सांगायला. आमची शाळा विनाअनुदानित. निवृत्तीला शाल आणि नारळ मिळतो, पेन्शन नाही. मला पंचावन्न पूर्ण झालेली, नवरा जाऊन नऊ वर्षं, राहते भाड्याच्या दोन खोल्यांत. तरी मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. असले विषय निघाले की मला हटकून काहीतरी तातडीचं काम आठवतं.

मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळ्यांनी डोळे मिटा. तुम्ही सत्तर वर्षांच्या आहात. सकाळ झालीय. कुठे आहात?"

मला पोरखेळ वाटला. पण डोळे मिटले आणि पंख्याचा आवाज हळूहळू लांब गेला. मग लिंबाच्या फुलांचा वास आला. मी माहेरी, काष्टीला होते, वडिलांच्या लिंबाच्या बागेत, विहिरीकडच्या अंगाला. तिथे पत्र्याची एक खोली होती, दाराला निळा रंग. मी बाजेवर बसून चहा पीत होते आणि मला कुठेही जायचं नव्हतं. कधी आलीस, कधी जाणार, असं कोणी विचारत नव्हतं. पायाखालची माती गार होती. लांब कुठल्यातरी ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं आणि ते संपतच नव्हतं.

शेजारच्या बाईंनी मला हलवलं. "तुम्हाला काय दिसलं?"

काही नाही, म्हणाले. खोटं बोलले. येत्या गुरुवारी त्याच बागेच्या हक्कसोडीवर मी सही करणार होते.

वडील गेल्यावर बहिणीने आपला हिस्सा भावासाठी सोडायचा, साडी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं की मी त्यावर घटकाभरही विचार केला नव्हता. मुलांना स्त्री-पुरुष समानतेवर निबंध लिहायला लावते, दहापैकी गुण देते. स्वतःच्या वेळी मात्र साडीचा रंग सांगून मोकळी झाले होते.

पुढचे दिवस मी त्या बागेतच होते. फळ्यावर लिहिताना वास यायचा. माझ्या वाट्याच्या वीस गुंठ्यांत पन्नासेक झाडं बसतात. लिंबू बारा महिने थोडं तरी विकलं जातं. एवढ्यावर माझं निभलं असतं.

गुरुवारी श्रीगोंद्याला, कचेरीबाहेर दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलाशी आम्ही बसलो. धाकटा भाऊ, आई आणि मी. भाऊ वाईट नाही. वाटेत त्याने मला रस पाजला आणि बर्फ घालू नका म्हणून सांगितलं, कारण माझा घसा त्याला लहानपणापासून ठाऊक. म्हणूनच नाही म्हणणं जड होतं. पेन हातात आलं तशी घरची बोली आपोआप तोंडात आली. "इहिरीकडलं ईस गुंठं पायजे मला. सही न्हाई करनार मी."

भाऊ म्हणाला, "ताई, आमी तुला काय कमी केलं का? कवाबी ये, ऱ्हा. माहेरच हाय तुजं."

"येईन रे. पर पाव्हनी म्हनून किती दिस?"

"लोक काय म्हनत्याल?" तो माझ्याकडे न बघता टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, सही करून टाकावीशीही वाटली. माहेर तुटेल अशी भीती होती. तरी पेन मी खाली ठेवलं.

दस्त लिहिणारा असल्या प्रकाराला सरावलेला. "ताईंचं बघू मागनं. आजींचा अंगठा तर घेऊ," म्हणत त्याने शाईचं पॅड आईपुढे सरकवलं. आई अठ्ठ्याहत्तरची, जन्मभर त्या झाडांची आळी केलेली. आता मला बोलणार, असं वाटलं.

तिने दस्त लिहिणाऱ्याकडे पाहिलं. "माजा अंगठा कशापाय?"

"हक्क सोडायला, आजी. तिसरा हिस्सा तुमचा हाय ना."

"माजा?"

"मंग. मालक गेल्यावर तुमचाबी वाटा लागतो."

आईने हात पदराखाली घेतला आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "तिसरा म्हंजी कंच्या झाडापासनं कंच्या झाडापतुर गं?"