फरशीवर ठेवलेली सुरी

आज कढईत करडईचं तेल जरा जास्तच तापलं आणि त्या धुराच्या वासानं एक जुनी संध्याकाळ समोर आली.

आमचे हे पुणे नाक्यावरच्या गॅरेजात ट्रकच्या कमानी, म्हणजे चाकांवरचे स्प्रिंगचे पोलादी पाटे, बसवायचे. मोडक्या कमानीचा एक तुकडा घरी आणून, रोज थोडा थोडा घासून त्यांनी माझ्यासाठी सुरी केली. त्या संध्याकाळी पातं शेगडीत लाल केलं आणि कडक व्हावं म्हणून सरळ माझ्या तेलाच्या डब्यात बुडवलं. चर्र झालं, घरभर धूर.

"तळणीचं तेल घालवलं की तुमी!" मी ओरडले.

त्यांनी पातं फडक्यानं पुसलं. बाभळीची मूठ बसली, धार लागली. मी हात पुढं केला, तर त्यांनी सुरी फरशीवर ठेवली.

"हातात दिली की भांडणं हुत्यात. उचल."

"एरवी कमी हुत्यात व्हय?"

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकटीपुरता अर्धा कांदा चिरते, सवयीनं सुरी फरशीवर ठेवते आणि मीच उचलते. आज कुणी हातात दिली तरी घेईन मी. भांडायला घरात कुणीतरी असेल.