पट्टीवरची वेळ

आईच्या हातावरच्या चिकटपट्टीवर सिस्टरने निळ्या पेनाने वेळ लिहिली होती, ९.१०. जखमेत पू होऊ नये म्हणून ऑपरेशनच्या आधी तासाभरात द्यायचं ते इंजेक्शन. पण आधीचं ऑपरेशन लांबलं. अकरा वाजून गेले तरी आई स्ट्रेचरवर बाहेरच.

"वेळेआधी दिलंय ना, मग झालं," ती म्हणाली. आमचं घरच तसं. गाडीच्या तासभर आधी आम्ही स्टेशनवर हजर. लवकर म्हणजे सुरक्षित, हे अंगात मुरलेलं. पण औषध आमच्यासारखं बाकावर बसून वाट बघत नाही. ते रक्तात येतं आणि ओसरून जातं. सुरी त्यानंतर लागली तर?

न राहवून मी सिस्टरला विचारलं. तिने पट्टी वाचली, घड्याळ पाहिलं, आत डॉक्टरांना विचारून आली. "बरं झालं बोललात. टेबलावर घेतल्यावर पुन्हा देऊ." तिने ९.१० वर रेघ मारली.

आईला आत नेलं. मी खुर्चीत टेकलो. पलीकडच्या स्ट्रेचरवर एक आजोबा डोळे मिटून पडले होते. सोबत कुणीच नव्हतं. त्यांच्या पट्टीवर ९.२० होतं.

मी पुन्हा उठलो.