धक्क्याची लाट आणि आमचा मेन स्विच

सूर्याकडून आलेल्या लाटेनं आमच्या घराचं काहीही बिघडलं नाही. जे बिघडलं, ते भावोजींनी आणि मी मिळून बिघडवलं.

भावोजी म्हणजे माझे थोरले दीर. आमचे हे बोटीवर असतात, म्हणून पालीच्या घरात भावोजींचा शब्द चालतो. (शब्द फार. विचार बेताचा.) माझी लेक पूजा रत्नागिरीला कॉलेजात शिकली. पुढच्या शिक्षणासाठी पुण्याच्या एका संस्थेची मुलाखत होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. विषय होता, अंतराळात यानांनी टिपलेल्या धक्क्याच्या लाटा. सराव ती माझ्यासमोर करायची, कारण मी मध्ये प्रश्न विचारत नाही.

"आई, सूर्यापासून विजेच्या कणांचा वारा सतत सुटलेला असतो. मागून जोराचा झोत आला की पुढचा वारा दुमडतो, होडीच्या नाकाशी पाणी दुमडतं तसा. ती धक्क्याची लाट. वाटेत उभं असलेलं यान ती आधी टिपतं. वाऱ्याचा वेग एकदम चढतो, चुंबकाचा जोर चढतो. तासाभरात लाट पृथ्वीपाशी येते."

"मग गो?"

"मग काय, पृथ्वीचं चुंबकत्व तिला बाजूला वळवतं. आपल्याला कळतही नाही."

मुलाखतीच्या जरा आधी तिनं हेच पुन्हा म्हणून बघितलं. पडवीत बसलेल्या भावोजींनी "तासाभरात" एवढंच ऐकलं आणि चपला घालून थेट ग्रामदेवतेच्या देवळात गेले. पुढचं वाक्य ऐकायला थांबले असते, तर ते भावोजी कसले! गुरवाकडून देवाला पाकळ्या लावून घेतल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची पाकळी आधी पडली, म्हणजे कौल उजवा. घरातली वीज बंद करायला देवाची परवानगी आली.

आता आमच्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. दोघंही दाराकडे बघून बोलतो.

"म्हणावं, मेन स्विच खाली कर. लाट निघालीय. फ्रीज, टीव्ही सगळं जळेल."

"म्हणावं, माडीवर पोरीची मुलाखत चाललीय."

"म्हणावं, मुलाखत मोठी की कौल मोठा?"

यावर दार काही बोललं नाही. मी पाटावर चढले आणि खटका ओढला.

पूजा धावत खाली आली. "आई, लाईट गेली?"

"घालवली."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा लाट परवडली असती. मोबाईल घेऊन ती वर सड्यावर, उघड्या कातळावर पळाली, रेंज तिथेच येते. ऊन मी म्हणत होतं, म्हणून मागून मी छत्री घेऊन. ती दगडावर बसून बोलत होती, मी पदर तोंडावर ओढून छत्री धरली होती.

"एवढा आवाज कसला येतोय?" मोबाईलमधले सर म्हणाले.

"वारा आहे सर. इथला, सड्यावरचा."

"बरं. अशी लाट आली तर घरातल्या उपकरणांना काय धोका?"

"लाटेचा नाही सर," पूजा म्हणाली. "घरच्यांचा."

पलीकडे हसू फुटलं. मग तिनं सगळी हकीकत सांगितली, दारासकट. मी छत्री आणखी खाली घेतली.

तिची निवड झाली. भावोजींनी देवाला नारळ दिला आणि लाट कशी परतवली ते पाली बाजारात सांगत फिरले. मी त्यांना अडाणी म्हणणार होते, पण त्यांनी निदान अर्धंच ऐकलं होतं. मी सगळं ऐकलं होतं, मला सगळं समजलंही होतं, आणि मग मी खटका ओढला.