यादिरानं न सांगितलेलं

आठ वर्षांत नेलीनं मला एकदाही फोन केला नव्हता. त्या घरातून फोन आला की आवाज तिच्या मुलीचा, यादिराचा असायचा. "काकू, आई विचारते..." अशी सुरुवात करून ती बोलायची आणि मागून नेलीचं भरभर स्पॅनिश ऐकू यायचं. त्यामुळे यंदा मार्चमध्ये एका सकाळी, मी जिथे काम करते त्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं लावताना मोबाइलवर नेलीचाच आवाज आला, तेव्हा शब्द कळायच्या आधीच काहीतरी भलतं झालंय हे मला कळलं. नेलीचं जर्मन कामापुरतं. "फाहराड," ती म्हणाली. सायकल. मग "लास्टवागन". ट्रक. यादिरा वीस वर्षांची होती. बेकरीच्या दुकानात सकाळच्या ड्युटीला सायकलवरून निघाली होती. चौकात उजवीकडे वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला ती दिसली नाही.

तिला जाऊन दोन महिने होत आले. मला भेटायला येणारे विचारतात, "कोण होती हो तुमची ती?" मी "आमच्या जुन्या बिल्डिंगमधली मुलगी" असं सांगते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. खरं काय ते एकदा नीट लिहावं, म्हणून बसले आहे.

२००१ साली श्रीकांतच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून म्युनिकला आलो. अमेय तेव्हा सात वर्षांचा होता. शहरातली भाडी परवडण्यासारखी नव्हती, म्हणून यु-बान मेट्रोच्या शेवटच्या थांब्याजवळ अकरा मजली इमारतींच्या वसाहतीत घर मिळालं. लिफ्टला कायम ओल्या कुत्र्याचा वास यायचा आणि खाली सिमेंटच्या टेबल-टेनिसच्या टेबलांवर मोठी मुलं खेळायची कमी, बसायचीच जास्त. श्रीकांतच्या ऑफिसातले लोक वसाहतीचं नाव ऐकलं की "अच्छा, तिकडे होय" म्हणून विषय बदलत. नेली आणि यादिरा आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. त्या इक्वेडोरहून आलेल्या. बाप कधीच सोडून गेलेला. नेली हॉटेलच्या खोल्या साफ करायची आणि पहाटे पाचला घर सोडायची.

यादिराची पहिली भेट तळघरातल्या धुण्याच्या खोलीत झाली. मी रविवारी मशीन लावलं, हा माझा गुन्हा. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा देखरेख करणारा माणूस, लालबुंद होऊन माझ्यावर ओरडत होता आणि मला अवाक्षर कळत नव्हतं. तेवढ्यात बादली घेऊन एक काडीसारखी बारा वर्षांची मुलगी आली. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शाळेतल्या मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं, "तो म्हणतो, रविवारी मशीनसुद्धा झोपतं."

"एवढंच?"

"एवढंच."

तो मिनिटभर बोलला होता. पुढे कितीतरी वर्षांनी मी तिला त्याबद्दल छेडलं, तर ती हसत म्हणाली, "काकू, त्यातलं निम्मं मी आईलासुद्धा सांगितलं नसतं." काकू हा शब्द तिनं आमच्याकडे येणाऱ्या मराठी मुलांकडून उचलला होता. नेली मला वेसिना, म्हणजे शेजारीण, म्हणायची. नेलीची आणि माझी मैत्री दाण्याच्या कुटावरून झाली. तिच्याकडे बटाट्याच्या टिक्क्यांवर दाण्याची चटणी घालत. ती दाणे भाजायला लागली की जिन्यात माझ्या माहेरचा वास सुटे.

मला जर्मन शिकायला हवं होतं. कोर्स होते. पण गणपतीच्या जेवणाला जमलेल्या मराठी मंडळींत एक बाई म्हणाल्या, "अय्या, सात महिने झाले आणि तुम्ही अजून गुटेन टागवरच?" सगळे हसले, मीही हसले. घरी येताना ठरवलं की यांच्यापैकी कोणाकडेही मदत मागायची नाही. आणि कोर्सलाही गेले नाही. मी एम.ए.ला विद्यापीठात पहिली आलेली. आयुष्यभर पहिल्या बाकावर बसलेल्या मला शेवटच्या बाकावर बसायचं नव्हतं. मग माझी भाषा यादिरा झाली. परदेशी लोकांच्या कचेरीत, अमेयच्या शाळेत, दातांच्या डॉक्टरकडे मी तिला घेऊन जाऊ लागले. कचेरीत टेबलासमोर एकच खुर्ची असायची. तिच्यावर मी बसायची आणि यादिरा उभी राहायची. कारकून माझ्याकडे न बघता तिला म्हणायचे, "साग इर." तिला सांग. तिला सांग, फोटो चालणार नाही. तिला सांग, भाडेकरार आणायला हवा होता. एकदा परतताना ती म्हणाली, "मी मोठी झाले की कोर्टात दुभाषी होणार. मी टीव्हीवर पाहिलंय, तिथे दुभाष्याला खुर्ची देतात." मी हसले होते.

कचेऱ्या सकाळीच उघडत, त्यामुळे तिची शाळा बुडायची. शाळेला चिठ्ठी लागे. यादिरा जर्मन वाक्य सांगायची, मी ते माझ्या सुरेख अक्षरात लिहायची आणि संध्याकाळी दमून आलेली नेली सही करायची. कारण नेहमी पोटदुखी. "काकू, आता जरा डोकं दुखू दे," यादिरा म्हणायची, "माझं पोट फार वेळा दुखून झालं." त्यातल्या काही चिठ्ठ्या नेलीच्याही कामांसाठी होत्या, हे खरं. पण नेलीला दुसरा इलाज नव्हता. मला होता.

ती शिकत होती ती सर्वसाधारण मुलांची शाळा. सहावीच्या शेवटी गुण चांगले असले तर तिथल्याच वरच्या तुकडीत घेत आणि तिथून पुढच्या शिक्षणाची वाट निघे. यादिराचे गुण चांगले होते. इंग्रजीत तर वर्गात पहिली होती. ते इंग्रजी तिनं माझ्याशी बोलून कमावलेलं, याचा मला तेव्हा अभिमानही वाटायचा.

२००२च्या मे महिन्यातली गोष्ट. मला तिसरा महिना होता. श्रीकांत आठवडाभर कामासाठी वोल्फ्सबुर्गला गेला होता. अमेयला शाळेत सोडून आले आणि अंगावरून जायला लागलं. मी वर जाऊन नेलीचं दार ठोठावलं. यादिरा दप्तर पाठीला लावून निघतच होती. माझा चेहरा बघून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "काकू, आज गणिताची चाचणी आहे. ती वरच्या तुकडीची."

मला कळलं होतं. इतक्या वर्षांत मी स्वतःला अनेकदा समजावलं की त्या अवस्थेत मला ते उमगलं नसेल, पण मला कळलं होतं. "एकच तास," मी म्हणाले. तिनं दप्तर उतरवलं, दाराच्या आत ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

आणि दुसरी गोष्ट. त्या डॉक्टरीणबाईंना इंग्रजी येत होतं. आधीच्या खेपेला त्या माझ्याशी इंग्रजीतच बोलल्या होत्या. मला त्या दिवशी दुभाषी नकोच होती, धरायला हात हवा होता. यादिराकडे बघून त्यांनी मला विचारलं, "हिला बाहेर बसवायचं ना?" मी म्हणाले, "नाही, राहू दे." मग त्यांनी मॉनिटर जरासा वळवला आणि ठोके लागत नाहीत असं सांगितलं. तेरा वर्षांची ती पोर माझ्या उशाशी उभी होती. परत येताना बसमध्ये तिनं माझा हात सोडला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या आईचंही एक असंच गेलं. मी नऊ वर्षांची होते. डॉक्टरांनी मला सांगितलं, मग मी आईला." त्या एका तासाचे साडेचार तास झाले होते.

त्या रात्री चिठ्ठी लिहिली. पोटदुखी. पण एव्हाना इतके खाडे झाले होते की शाळेनं डॉक्टरांचा दाखला मागितला. त्या सकाळी ती डॉक्टरांच्याच दवाखान्यात होती, पण दाखला माझ्या नावाचा मिळाला असता. हे सगळं मला यादिरानंच सांगितलं, अगदी सहज. "शाळेत जाऊन मी बोलू का?" असं मी विचारलं. "कशा बोलाल?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मी बोलायला गेले असते तरी भाषांतर तिलाच करावं लागलं असतं.

जूनमध्ये वरच्या तुकडीची यादी लागली. मी रिकामा डबा परत करायला वर गेले, तर नेली स्वयंपाकघरात संतापून भांडी आपटत होती. यादिरानं तिला "गणितात नापास झाले" एवढंच सांगितलं होतं. "वागा!" नेली पुन्हा पुन्हा म्हणत होती. आळशी. मला पाहिल्यावर ती माझ्याकडे वळून बरंच काही बोलली आणि यादिराला म्हणाली, सांग वेसिनाला. यादिरानं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच, कारकुनाचं सांगताना असायचा तसा. "आई विचारते, तुमच्याकडे बसून मी अभ्यास करायचे की नाही. आई विचारते, मी आळशी आहे का."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "तिला सांग, पुढच्या वर्षी मी गणित शिकवीन."

यादिरानं आईला काहीतरी सांगितलं. काय, ते मला आजही माहीत नाही. नेली शांत झाली आणि तिनं माझ्या डब्यात चार टिक्क्या घातल्या. मी त्या घेऊन खाली आले.

शिकवलं मी, काही महिने. मग श्रीकांतला बढती मिळाली आणि आम्ही गावाबाहेर बागेच्या घरात गेलो. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून तिथे मी कोर्सला गेले, जर्मन शिकले, लायब्ररीत लागले. यादिरा अधूनमधून दिसायची. चौदाव्या वर्षी ती लिफ्टच्या आरशात लिपस्टिक लावायची आणि परतताना घर यायच्या आत पुसायची. टेबल-टेनिसच्या टेबलावरच्या एका मुलासाठी वर्षभर रडली, मग एक दिवस म्हणाली, "काकू, त्याला साधा फॉर्म भरता येत नाही." सोळाव्या वर्षी बेकरीत शिकाऊ म्हणून लागली. कोणाच्या कसल्या कागदावर काय लिहायचं ते विचारायला वसाहतीतले लोक दुकानात येत. पाव देता देता ती त्यांना सांगायची. एकोणिसाव्या वर्षी तिनं संध्याकाळच्या शाळेत नाव घातलं.

शेवटची भेट फेब्रुवारीत, त्याच दुकानात झाली. एव्हाना आम्ही जर्मनमध्येच बोलायचो. "जूनमध्ये परीक्षा आहे," ती म्हणाली. "गणिताला याल, काकू? दोनच रविवार. बरोब्बर, रविवारी! मशीन झोपलेलं असतं तेव्हा." मागे रांग होती. मी म्हणाले, "बघते गं. कळवते." कळवलं नाही. अमेयच्या परीक्षा होत्या.

अंत्यविधीनंतर दोन आठवड्यांनी नेलीनं मला बोलावलं. माणूस गेल्यावरही कचेऱ्यांची पत्रं येत राहतात आणि नेलीकडे ती वाचणारं कोणी उरलं नव्हतं. टेबलावर नव्या पाकिटांचा गठ्ठा होता आणि यादिराच्या कपाटात सापडलेला जुन्या पत्रांचाही. ती सगळी नीट फोडून, वाचून पुन्हा घडी केलेली होती. नेली त्यातलं कुठलंही काढून पुढे करायची, मी वाचायची आणि सोप्या जर्मनमध्ये सांगायची. विमा, वीज, ग्रंथालयाचं कार्ड. मग एक शाळेचं निघालं, २००२च्या जूनमधलं.

मी आधी मनात वाचलं. विद्यार्थिनी चाचणीला गैरहजर, वैद्यकीय दाखला नाही, म्हणून सर्वांत खालचा शेरा. एरवी तिचे गुण वरच्या तुकडीला पुरेसे होते. पालकांनी अमुक तारखेपर्यंत भेटायला यावं, विचार करता येईल.

"काय लिहिलंय?" नेलीनं विचारलं. "हे तिनं मला दाखवलं नव्हतं."

शाळेच्या खेळाच्या बुटांबद्दल आहे, असं काहीतरी मला सांगता आलं असतं. यादिरानं बहुधा तसंच काही सांगितलं असतं. मी सगळं सांगितलं. दप्तर, एक तास, इंग्रजी येणारी डॉक्टरीण, आणि त्या जूनमध्ये याच स्वयंपाकघरात उभी राहून मी काय बोलले नाही ते. सोपे शब्द शोधत, एकही गाळायचा नाही असं ठरवून.

नेली पत्रावर वाकली. "नापास नाही?"

"नाही. ती परीक्षेला बसलीच नाही."

"आळशी नाही."

"नाही."

नळ ठिबकत होता. तिनं उठून तो घट्ट केला आणि पुन्हा येऊन बसली. मग माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "तुझा मुलगा... शाळा... किती दिवस नाही गेला?"

"रोज गेला," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. रागानं नाही, नोंद घ्यावी तशी. शाळेचं पत्र माझ्या हातातून घेऊन तिनं तळहातानं सपाट केलं आणि इतर कागदांत न मिसळता स्वतःच्या बाजूला ठेवलं. मग नव्या गठ्ठ्यातलं एक पाकीट उचललं. ते संध्याकाळच्या शाळेतून आलेलं होतं, परीक्षेच्या वेळापत्रकाचं असावं. वर यादिराचं नाव छापलेलं होतं. ते तिनं टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"पुढचं वाच," ती म्हणाली.