भरल्या ताटावरून उठवलेला माणूस
परवा नातवाच्या खोलीतून जळक्या तारेचा वास आला आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाचा मांडव आठवला. गावातला पहिला भोंगा मी सुरतेहून आणला होता, आणि आहेर त्यातूनच पुकारणार असं चार गावांत सांगून बसलो होतो. आवाज वाढवणारं बॅटरीवरचं यंत्र तेवढं शहाद्याहून भाड्यानं आणलं. यंत्रवाला तारा जोडताना म्हणाला, "भाऊ, मशीन मोठं शे, तुन्हा भोंगा न्हाना शे. बटन अर्धाना पुढे लई जाऊ नको, जळी जाई." त्याच्या बैलगाडीत त्याचाही एक भोंगा मी आधीच हेरला होता. मी म्हटलं, "तुले तुन्हा भोंगा भाडाले देवाना शे, माले समजत नही का?" तो नुसता हसला. ते हसणं मला जास्तच खटकलं. तो पंगतीत बसताच मी बटण शेवटपर्यंत पिरगाळलं. आहेरात मामाचं नाव अर्धंच वाजलं, भोंगा खरखरून गप्प झाला आणि हाच वास मांडवभर पसरला. "यानंच जाळला!" मी ओरडलो. लोकांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं. जाताना त्यानं आधी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परवा नातवाच्या खोलीत गेलो, तर तो स्पीकरचं बटण शेवटपर्यंत पिरगाळत होता. म्हटलं, बटण हळू फिरव. तो म्हणाला, "आजोबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" मी आधी बटणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.