रत्ना वस्ताद आणि कापलेला व्हिडिओ

रत्ना वस्तादवर माझा पहिल्यापासून पुरता विश्वास नव्हता. बाई हसतमुख, बोलायला मोकळी. पण पोरींना कुस्ती शिकवायची तर शिकवावी, तिचे व्हिडिओ काढून जगाला कशाला दाखवायचे, हे मला पटत नव्हतं. त्यातून त्या व्हिडिओंमध्ये माझी मुलगी संस्कृती.

रत्ना मूळची डिंभ्याची. वडील हौशीराम धरणात मासे धरायचे आणि जत्रा सुरू झाल्या की लेकीला घेऊन गावोगाव कुस्त्यांना जायचे. तिच्या जोडीला पोरगी मिळायची नाही, म्हणून नारळाच्या बक्षिसावर लागणाऱ्या छोट्या कुस्तीत ती पोरांशीच लढायची. हरलेली पोरं रडत घरी जायची आणि त्यांच्या आया हौशीरामला शिव्या घालायच्या. लग्न होऊन ती आमच्या पिंपरी पेंढारला आली तेव्हा सासरी कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. बरीच वर्षं खाली मान घालून कांदे निवडले. मग एकदा कांद्याची चाळ रिकामी झाली तशी नवऱ्याला म्हणाली, "आता हितं कुस्तीची गादी टाकते." अमृतनं पिकअपमधून कुठूनशी जुनी गादी आणून दिली. लोकांनी टोमणे मारले तर म्हणाला, "नाय म्हनलो तर माझीच पाठ मातीला लावंल की, राव!"

गावातल्या मुली तिथं जाऊ लागल्या, त्यात आमचीही. व्हिडिओ नंतर आले. फोन कांद्याच्या क्रेटला टेकवून उभा करायचा आणि मिनिटाभरात एक डाव दाखवायचा. रत्ना तोंडानं सांगत सांगत स्वतः खाली पडायची, मुलगी वर. रत्नाची पाठ गादीला लागली की संस्कृतीनं पकड तशीच ठेवून फोनकडे बघायचं, म्हणजे शिकणाऱ्याला हात कुठं, पाय कुठं, ते दिसतं. वस्तादाची पाठ शिष्यानं चारचौघांत लावू नये म्हणतात. ही आपणहून लावून घ्यायची. मला त्याचाही संशय. पोरीच्या डोक्यात हवा घालून तिला आपल्याकडे ओढते की काय?

"पण बघतं कोण हे?" मी संस्कृतीला विचारायची.

"शिकणाऱ्या मुली बघतात, आई."

"आणि न शिकणारे बाप्ये?"

"तू आई आहेस की पोलीस?"

मग ढाकेचा व्हिडिओ आला. समोरच्याचा हात काखेत दाबून त्याला कमरेवरून फेकायचं, हा तो डाव. मी जेवणाची भांडी आवरून पाहायला बसले आणि मधेच अडखळले. संस्कृतीनं रत्नाला फेकलं, पाठ लागली, आणि लगेच दोघी उभ्या! मधलं काहीतरी कापलं होतं. मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. चाळीच्या फटींतून उन्हाचे पट्टे येतात, ते फेकताना गादीवर होते; दोघी उभ्या दिसल्या तेव्हा पार भिंतीवर चढले होते. रत्ना शेवटी मुलीशी हात मिळवते, या वेळी नुसता डावा हात हलवला. आणि संस्कृतीचे डोळे सुजलेले.

मान! दुसरं काही सुचेचना. मुलगी मानेवर पडली असणार आणि यांनी दाबून टाकलं असणार. सकाळी तेल लावायच्या निमित्तानं तिची मान, खांदे, पाठ, सगळं चाचपलं. कुठं हूं की चूं नाही. पण पोरगी ताटात भाकरी उरवत होती. स्वतःचे कपडे स्वतः धूत होती, आणि हे आमच्या घरात आजवर घडलेलं नाही.

"काय झालं त्या दिवशी?"

"काही नाही."

जिला खरंच काही झालेलं नसतं ती मुलगी असं पटकन बोलत नाही.

न सांगता मी चाळीवर गेले. रत्ना ओट्यावर कांदे निवडत होती, डाव्या हातानं. उजवा हात जुन्या साडीच्या झोळीत गळ्याला बांधलेला.

"या की, वैनी. च्या ठिवू का?"

"हाताला काय झालं?"

"गोठ्यात गाईनं ढकललं, घसरले."

"कधी?"

तिनं कांदा उलटासुलटा करून पाहिला. "झाले की चार-आठ दिस."

"रत्नाताई, मला तो पूर्ण व्हिडिओ दाखवा. न कापलेला."

"पुसला तो."

आतून अमृत बाहेर आला. "दाव त्येंला. एक लपवाय दुसरं, दुसरं लपवाय तिसरं. तुला खोटं बोलाय येत न्हाई, त्या गाईवर उगं आळ घेऊ नको."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

संस्कृतीनं फेकलं. फेक सुरेख होती, हे मलाही कळलं. पण पडताना रत्नाचा हात तिच्या काखेत वाकडा अडकला. रत्ना गादीवर थापा मारत होती, "सोड, सोड गं," म्हणत होती. आणि माझी मुलगी तो हात तसाच आवळून, हसऱ्या चेहऱ्यानं, फोनकडे बघत थांबली होती. शिकवलं होतं तसं. मग रत्ना ओरडली. संस्कृती दचकून उठली, खाली बघितलं आणि तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. पुढे कुणीतरी फोन आडवा पाडला. नुसता आवाज येत होता. रडणारी संस्कृती आणि "तुझा दोष न्हाई, रडू नगं" म्हणणारी रत्ना.

आणि मी मात्र मुलीची मान चाचपत होते.

"खांदा निखळला व्हता," रत्ना म्हणाली. "जुन्नरला जाऊन बसवून आले. मग परत येऊन, झोळी काढून व्हिडिओचा शेवट काढला."

"त्या अवस्थेत? कशासाठी?"

"पोरगी गादीवर पाय ठिवंना. म्हनलं, आजच उभी न्हाई ऱ्हायली तर कायमची गेली. सराव करताना पाठ लागली की सोडायचं, हे तिला पाठ हाय. फोनपुढं थांबायची सवय मी लावली, वैनी. माझीच चूक."

"मग आमच्यापासून लपवलंत का?"

"तुमी तिला धाडली असती?"

नसती धाडली. पण ते मी तिच्यापुढे बोलले नाही. म्हणाले, "तुम्ही मला दोनदा खोटं सांगितलंत, तेही तोंडावर. उद्या तिची मान मोडली तर तेही कापाल."

रत्नानं मान खाली घातली. अमृत म्हणाला, "ह्ये मातुर बरोबर बोलल्या वैनी."

घरी येऊन मी संस्कृतीला सांगितलं, मी पाहिलं. ती माझ्या मांडीवर डोकं टाकून रडली. "आई, वस्ताद ओरडत होत्या आणि मी फोटोला बसल्यासारखी हसत होते." मग म्हणाली, "जाणं बंद करू नकोस. नाहीतर ते तेवढंच माझ्या लक्षात राहील."



पाठवते आहे. काही अटींवर: फोन मी धरणार, आणि मुलींना पडद्यावर स्वतःचं रूप दिसणार नाही असा धरणार. पाठ लागल्यावर थांबायचं नाही. ज्यांना पकड पाहायची असेल त्यांनी व्हिडिओ थांबवून पाहावी. आणि तो हात कशानं निखळला, हे बाकीच्या मुलींच्या आयांना रत्नानं स्वतः सांगायचं. शेवटच्या अटीवर ती झोळीची गाठ ओढत "सांगते," म्हणाली. तिनं सांगितलं. एक मुलगी यायची बंद झाली. बाकीच्या येतात.

आज पहिल्यांदा मी फोन धरला. रत्ना गळ्यात झोळी अडकवून कडेला उभी राहून सांगत होती आणि संस्कृतीनं तिच्याबरोबर शिकणाऱ्या हर्षालीला फेकलं. पाठ लागली तशी तिनं हात सोडला आणि वाकून हर्षालीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"झ्याक! द्या, टाकते," म्हणून रत्नानं डावा हात पुढे केला.

मी फोन दिला नाही. तिथंच उभी राहून सगळा व्हिडिओ सुरुवातीपासून पाहिला, एकदा आणि मग पुन्हा एकदा. ती हात तसाच पुढे धरून थांबली. रागावली असेल, दाखवलं नाही.

"कापायचं काही नाही यात," मी म्हणाले आणि फोन तिच्या हातावर ठेवला.